स्टेपचे मार्क

शेळके बाई डेंग्यूनं गेल्या. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण कॉलनीत अजूनही कुणी ना कुणी मला जिन्यात गाठतं आणि आवाज खाली करून विचारतं, "म्हणजे नक्की काय झालं हो? त्यांनी स्वतःच का...?" नाही. डास चावला, ताप आला, प्लेटलेट उतरल्या, आठवड्याच्या आत बाई गेल्या. "मग ते नशेचं इंजेक्शन चालू होतं ना, त्यानं तर नाही?" नाही. त्यानंही नाही. पण लोकांना डास पटत नाही. त्यांच्या मते असल्या आजाराच्या माणसानं असल्याच पद्धतीनं जायला हवं.

बाई माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या, सिडकोत. एका खाजगी शाळेत आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा अमोल बंगळुरूला. मूळच्या पिशोर गावच्या. वडिलांची मेंढरं होती आणि ती मोजता मोजता आपल्याला गणित आलं, असं त्या नव्या माणसाला हमखास सांगायच्या. ते खोटं होतं. वडील मेंढरं मोजत नसत, तोंडावरून ओळखत, हेही त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं.

मी शेंद्र्याच्या एका कंपनीत परचेस बघते. दिवसभर लोकांना 'माल कधी येणार' एवढंच विचारते. त्यामुळे मला गोड बोलायची सवय नाही. बाईंनाही नव्हती. म्हणून आमचं पटलं असावं.

पटलं म्हणजे काय, वैताग यायचा. बेल असताना त्या दार ठोकायच्या, तेही टेबलावर डस्टर आपटल्यासारखं. आपण काही सांगायला लागलो की मध्येच म्हणायच्या, "पुढं?"

"बाई, सासूबाईंना दवाखान्यात ठेवलंय."

"पुढं?"

"पुढं काय, ठेवलंय."

"मंग अर्धंच गणित कशाला सांगती, सुलभा?"

भाजीवाल्यानं हिशेब सांगायच्या आधी त्या सांगायच्या आणि मग त्याचा हिशेब चुकायची वाट बघत उभ्या राहायच्या. आणि डबे. माझ्या घरून त्यांच्याकडे गेलेला डबा परत आला, असं कधी घडलं नाही. आपल्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. बाईंचं म्हणणं, घालण्यासारखं काही चांगलं हाताला लागलं की पाठवू. ते चांगलं वर्षानुवर्षं हाताला लागत नव्हतं. मी मागायला गेले की म्हणायच्या, "तुझाच डबा हाय. पळून चालला का कुठं?"

शाळेत त्यांचा दरारा होता, पण त्यांच्या हातून नापास फार कमी पोरं झाली. त्याचं कारण स्टेपचे मार्क. उत्तर चुकलं तरी मांडणी बरोबर असेल तर पायऱ्यांचे मार्क सगळेच शिक्षक देतात. बाई त्यापुढं जायच्या. पोरानं पान भरून घाम गाळलाय असं दिसलं, की चुकलेल्या उत्तरालाही थोडेसे टाकायच्या. "एवढं केलं बिचाऱ्यानं, रिकामं कसं पाठवायचं?" उलट नुसतं उत्तर लिहिणाऱ्याला शून्य. माझ्या मुलीला त्यांनी असं शून्य दिलं होतं. मी भांडायला गेले.

"उत्तर बरोबर आहे ना, बाई?"

"व्हय. पण आलं कुठून?"

"डोक्यातून आलं!"

"मंग डोक्याला मार्क देते. पेपरला नाय."

तर अशा बाई एकदा भाजीवाल्याला काही न बोलता पैसे देऊन निघून आल्या. भाजीवालाच मला म्हणाला, "ताई, बाईंची तबियत बघा." मग माझ्या लक्षात आलं की त्या 'पुढं?' म्हणायच्या बंद झाल्यात. मी सांगेन ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या. आधी मला बरं वाटलं. मग नाही वाटलं.

ही पहिली वेळ नव्हती. नोकरीत असताना त्या अधूनमधून डोकेदुखीच्या सुट्ट्या काढायच्या, ती डोकेदुखी नव्हती. डिप्रेशन, आणि सोबत पहाटे उठल्यापासून छातीत धडधड. गोळ्या घेत होत्या. गोळ्या बदलून झाल्या, डोस वाढवून झाले, दोन-दोन गोळ्या जोडून झाल्या. प्रत्येक वेळी सुरुवातीला थोडं बरं वाटायचं आणि मग पुन्हा तेच. कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, "यांना काय कमी आहे? पेन्शन आहे, घर आहे, सून त्रास द्यायला इथं नाही." अमोल फोनवर म्हणायचा, "आई, पॉझिटिव्ह विचार कर." मधुमेहाच्या माणसाला कुणी साखर पॉझिटिव्ह ठेव म्हणत नाही. एवढं साधं मी किती जणांना सांगितलं असेल, पण तोंड दुखण्याखेरीज काही झालं नाही.

त्यांचा डॉक्टर तरुण होता, किडकिडीत, मान खाली घालून बोलणारा. त्यानंच केटामाइनचं सुचवलं.

"बाई, हे ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला वापरतात ते औषध. आपण अगदी कमी मात्रेत, सलाइनमधून सावकाश देणार. गोळ्या लागू पडत नाहीत अशा काही जणांना यानं लवकर फरक पडतो. सगळ्यांना नाही. आणि पडलेला फरक टिकेलच असंही नाही. परत परत घ्यावं लागू शकतं."

"म्हणजे नक्की नाय?"

"नाही, बाई. नक्की म्हणणार नाही."

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "पोरगा खरं बोलतो. घेऊ."

अमोलनं इंटरनेटवर वाचून रात्रीतून मला फोन केला. "मावशी, ते पार्टीत घेतात ते ड्रग आहे!" मी म्हटलं, "तुझी आई पार्टीत घेणार नाही, दवाखान्यात घेणार आहे, भुलीचे डॉक्टर तिथं हजर असतात. तुला शंका असेल तर विमानाचं तिकीट काढ." त्यानं काढलं नाही.

नियम सोपे होते. उपाशीपोटी यायचं. त्या दिवशी गाडी चालवायची नाही. कुठल्या कागदावर सही करायची नाही. सोबत माणूस हवं. सोबतचं माणूस म्हणजे मी. हे कुणी ठरवलं ते मला आजही माहीत नाही.

खोली साधी. मागं रेलणारी खुर्ची, पडदे ओढलेले, बोटाला चिमटा, दंडाला बीपीचा पट्टा, शेजारी नसीम सिस्टर. पाऊण तासाचं काम, पण नंतर चांगले दोन तास देखरेख. मी बाहेर बसून कंपनीचे फोन घ्यायची. पहिल्या वेळी बाई बाहेर आल्या तेव्हा पाय जरा लटपटत होते आणि चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच होतं.

"काय झालं बाई? गरगरलं का?"

"मी फळ्याच्या आत व्हते," बाई म्हणाल्या. "आतून वर्गाकडं बघत व्हते. सगळी पोरं बसलेली. एकाचंही नाव आठवंना. आणि त्याचं काही वाटलं नाय बघ."

दुसऱ्या वेळी मी अर्धा दिवस रजा टाकून त्यांना घेऊन गेले. नसीम सिस्टरनं नेहमीचं विचारलं, "बाई, रात से कुछ खाए तो नहीं ना?"

"पेढा," बाई म्हणाल्या.

"क्या?"

"पेढा. प्रसादाचा. दोन."

पिशोरहून भाऊ आला होता. वाटेत वेरूळला उतरून घृष्णेश्वराचं दर्शन घेतलं होतं आणि बहिणीला बरं वाटावं म्हणून पेढ्यांचा पुडा आणला होता. सिस्टरनं कपाळाला हात लावला. "क्या बाई आप भी! उलटी हुई और छाती में उतरी तो?" डॉक्टरांनी त्या दिवशीचं रद्द केलं. मी गाडीत बसेपर्यंत तोंड बंद ठेवलं, त्यापेक्षा जास्त जमलं नाही.

"बाई, तुम्हाला दहा वेळा सांगितलं होतं."

"मंग प्रसादाला नाय म्हणायचं? त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर?"

"पुड्यात ठेवायचा. दुपारी खायचा."

"तो समोर बसलेला व्हता. बघत व्हता ना माझ्याकडं."

वैताग आला, पण एका गोष्टीची माझी खात्री पटली. बाईंना खोटं बोलता येत नाही. पेढ्याचं सिस्टरला कधी कळलंही नसतं.

पुढच्या काही आठवड्यांत, ठरल्याप्रमाणे आठवड्यातून दोनदा जाऊन, बाईंमध्ये फरक पडला. हे मी स्वतः बघितलं. एका सकाळी मी गॅस संपल्याचं रडगाणं गात होते, आणि त्या म्हणाल्या, "पुढं?" मला इतका आनंद झाला की मी सिलिंडरवाल्याला जास्तीच्या शिव्या दिल्या. इंजेक्शनांचा पहिला टप्पा संपला. मग डॉक्टरांनी अंतर वाढवलं. प्रत्येक वेळी सिस्टर तेच प्रश्न तोंडी विचारायची. झोप कशी, भूक कशी, मन कसं, जगण्याचा कंटाळा येतो का. बाई म्हणायच्या, "बरं हाय. लई फरक हाय." डॉक्टरांचा चेहरा उजळायचा. त्यांनी अंतर अजून वाढवलं. मला माझ्या रजा परत मिळाल्या.

आणि एका रविवारी सकाळी बेल वाजली.

दारात बाई. बेल बाईंनी वाजवली होती. दोन्ही हातांत पिशव्या. पिशव्यांत डबे. त्या ठेवून परत गेल्या आणि अजून दोन पिशव्या घेऊन आल्या. माझे सगळे डबे होते. पुरणपोळीचा, शेवयांचा, कडीचा उंच डबा, मुलीचा शाळेतला गुलाबी झाकणाचा, जो हरवला म्हणून मी तिला रागावले होते. सगळे घासून लख्ख.

"आज काय सूर्य कुठून उगवला, बाई?"

"घे ठेवून," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

मी एक झाकण उघडलं. तूरडाळ. दुसरं, शेंगदाणे. गूळ. रवा. साबुदाणा. छोट्या डबीत मोहरी. रिकामा एकही नव्हता. माझा धंदाच मालाचा आहे. कोणता माल शिल्लक म्हणून निघालाय आणि कोणतं गोदाम झाडून काढलंय, हे मला बघितल्याबरोबर कळतं. ही चिमूटभर साखर नव्हती. हे एका घराचं सगळं सामान होतं.

मी गॅस बंद केला आणि समोर गेले. त्यांच्या स्वयंपाकघरातली फळी ओल्या फडक्यानं पुसलेली होती. त्यांचे स्वतःचे डबे ओट्यावर पालथे घातले होते, पाणी निथळत होतं.

"अमोलकडं निघालात?"

"नाय."

"पिशोरला?"

"नाय."

"मग उद्या खाणार काय?"

बाईंनी फडकं उचलून ओटा पुसायला घेतला. अशा वेळी आडून विचारण्यात काही अर्थ नसतो.

"बाई, जीव द्यायचा विचार आहे का? सरळ सांगा."

त्या पालथ्या डब्यांकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "रोज येतो तो विचार. त्याला नाय म्हणायचा आता कंटाळा आला, सुलभा."

मी स्टूल ओढून दाराला पाठ लावून बसले.

"आणि दवाखान्यात 'लई फरक हाय' म्हणून कुणी सांगितलं?"

"पडला व्हता फरक. मंग गेला."

"गेला तर सांगायचं ना!"

"कुणाला? त्या पोराला?" बाई पहिल्यांदाच जरा चिडून बोलल्या. "किती करतो तो, बघती ना तू? स्वतः नस शोधतो. स्वतः पडदा ओढतो. पेढे खाल्ले तरी ओरडला नाय. सगळ्या स्टेप बरोबर हायत त्याच्या. उत्तर आलं नाय म्हणून त्याला काय शून्य देऊ?"

मला समजायला एक क्षण लागला.

"बाई. तुम्ही डॉक्टरला मार्क दिले?"

"दिले."

"स्टेपचे?"

"स्टेपचे. अन् थोडे उत्तराचे."

आयुष्यात मला पुष्कळ माणसांनी पुष्कळ वैताग दिलाय. वेळेवर माल न देणारे, भलता माल देणारे, माल न देता बिल पाठवणारे. पण त्या स्टुलावर बसून मला जो संताप आला, त्याला तोड नाही. "तो परीक्षेला बसलेला नाही, बाई! तुम्ही आजारी आहात! तुम्ही मेल्यावर त्या मार्कांचं तो काय लोणचं घालणार आहे?"

"ओरडू नको, खालचे लोक ऐकतेल."

"ऐकू दे!"

मी तिथूनच, जागेवरून न उठता, डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, त्यांना एकटं सोडू नका, आत्ताच घेऊन या, मी दवाखाना उघडतो. बाईंनी केस विंचरायला वेळ मागितला. मी म्हटलं, विंचरा, पण माझ्यासमोर.

डॉक्टर घरच्या टी-शर्टवर होते. मी तोंड उघडलं तर त्यांनी हातानं थांबवलं आणि बाईंसमोर बसले.

"डॉक्टर, मी तुम्हाला वाढवून दिले."

"काय वाढवून दिलं?"

"मार्क."

हे समजावून सांगायचं काम शेवटी माझ्यावरच आलं. डॉक्टरांनी चष्मा काढला. ते हसतील असं मला वाटलं होतं. हसले नाहीत.

"बाई, तुम्ही बरं आहे म्हणालात म्हणून मी अंतर वाढवलं. परत बरं म्हणालात म्हणून अजून वाढवलं. तुम्ही दिलेल्या मार्कांमुळे माझ्या पुढच्या सगळ्या स्टेप चुकल्या."

बाई सरळ बसल्या. इतक्या दिवसांत कुणी त्यांना समजेल असं बोललं नव्हतं. मीही नाही, इतकं ओरडून.

"मंग हे आधी सांगायचं ना तुम्ही," त्या रागानं म्हणाल्या. "दिलेलंच चुकीचं असल्यावर गणित सुटंल कसं?"

म्हणजे चूक पुन्हा डॉक्टरचीच.

त्यानंतर अमोल आला, बरेच दिवस राहिला, आणि एकदाही 'पॉझिटिव्ह' म्हणाला नाही, कारण मी त्याला विमानतळावरच ताकीद दिली होती. इंजेक्शनं पुन्हा कमी अंतरानं सुरू झाली, एक गोळी बदलली, दर आठवड्याला समुपदेशनाला जाणं सुरू झालं. बाई ठणठणीत बऱ्या झाल्या असं मी लिहिणार नाही. चांगले आठवडे आणि वाईट आठवडे, पण वाईट आठवड्यात त्या आता बोलायच्या. बोलायच्या म्हणजे फार बोलायच्या. जिन्यात कुणी रीत म्हणून विचारलं, "काय बाई, कशा आहात?" तर बाई थांबून सांगायच्या, "वाईट. झोप नाय, जेवण नाय, काल दिवसभर रडले." विचारणारा भाजीची पिशवी सावरत पळायचा. लोक त्यांना टाळायला लागले. मला म्हणाले, तुम्ही जरा सांगा त्यांना. मी काही सांगितलं नाही.

अमोल परत गेल्यावर त्यांनी माझं दार ठोकलं. "माझी तूरडाळ दे."

"तुम्हीच दिली होती ना?"

"तेव्हा दिली व्हती. आता खायला लागती."

मी दिली, माझ्याच डब्यात घालून. डबा परत आला नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मला कंपनीच्या कामासाठी महिनाभर पुण्याला जावं लागलं. बाईंना ताप आला आणि सगळं संपलं तेव्हा मी इथं नव्हते. त्यामुळे माझ्या नजरेतल्या शेवटच्या बाई म्हणजे मी जाण्याआधीच्या, इंजेक्शनच्या दिवशीच्या.

आम्ही वेळेवर पोचलो होतो. बाई उपाशी होत्या, ते मी दोनदा विचारून घेतलं होतं. सिस्टरनं त्यांना बाहेरच्याच खुर्चीत बसवून दंडाला बीपीचा पट्टा बांधला आणि तेवढ्यात शेजारच्या नव्या पेशंटला नेहमीचे प्रश्न विचारायला घेतले. तिशीचीही नसेल ती, डोक्यावर पदर, शेजारी सासू. मी काचेच्या दाराशी उभी राहून फोनवर होते, आमचा पुठ्ठ्याचा ट्रक टोलनाक्यावर अडकला होता.

"झोप लागते का?" सिस्टरनं विचारलं.

"लागती."

"मन कसं आहे?"

"बरं हाय."

"तिला काय धाड भरली," सासू म्हणाली. "नवऱ्यानं हट्ट केला म्हणून आलो."

बाई उठल्या. पट्टा दंडाला तसाच, त्याची रबरी नळी ताणली गेली, यंत्र टेबलावरून सरकायला लागलं.

"बाई, उठो नक्को! मशीन गिरेगी!"

बाईंनी दुसऱ्या हातानं यंत्र उचललं, काखोटीला मारलं आणि त्या पोरीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"ए पोरी. वर बघ. काय बरं हाय?"

पोरीनं पदर पुढं ओढला.

"ते 'बरं हाय' घरी सासूला सांगत जा. इथं नाय. हे लोक लई चांगले हायत, गोड बोलतेत, त्यांच्याकडं बघून आपल्याला खोटं सांगावं वाटतं. मी सांगितलं व्हतं. मरता मरता राहिले. विचार तिला." त्यांनी यंत्रासकट माझ्याकडं हात केला. मी फोनवर 'एक मिनिट' म्हटलं.

सासू म्हणाली, "तुम्ही कोण वं मधी बोलणाऱ्या?"

"मी बाई हाय," बाई म्हणाल्या, जणू त्यात सगळं आलं. मग पुन्हा पोरीकडं वळल्या. "कसं हाय?"

पोरीनं सासूकडं बघितलं, सिस्टरकडं बघितलं, मग बाईंच्या काखेतल्या यंत्राकडं.

"लई वाईट हाय," ती म्हणाली. "लेकराला घ्यावं वाटत नाय."

सिस्टर त्या पोरीच्या बाजूला खुर्ची ओढून बसली आणि हळू आवाजात पुढचं विचारायला लागली. बाई आपल्या जागेवर येऊन बसल्या, यंत्र मांडीवर ठेवलं आणि हात लांब करून वाट बघत राहिल्या. बऱ्याच वेळानं सिस्टर आली आणि तिनं बटण दाबलं. पट्टा फुगला, सुटला. आकडा बघून तिनं मान हलवली.

"इतना चढ गया! अब नहीं दे सकते, बाई. अर्धा घंटा शांत बैठो. बोलना नक्को."

"मी कुठं बोलले?" बाई म्हणाल्या.

मी ट्रकवाल्याला सांगितलं की नंतर बोलते. मग ऑफिसला फोन करून कळवलं, आज मी येत नाही.